राग वाया घालवू नये

काकूंना राग आला की त्या आधी चपला शोधायच्या.

बाकीची माणसं रागावली की ओरडतात, भांडी आपटतात, नाहीतर माझ्यासारखी अबोला धरून बसतात. काकूंचं तसं नव्हतं. एकदा सकाळी दूधवाल्यानं पुन्हा पाणी घातलेलं दूध दिलं. काकूंनी पातेलं हलवून बघितलं, त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि त्या त्याला अगदी सावकाश म्हणाल्या, "अच्छा भैया, कल आना." तो गेला. मला वाटलं, चला, मिटलं. तोवर काकू चपला घालून, पदर खोचून, स्वयंपाकघरातल्या फळीवरचा एक चेपलेला डबा उघडून त्यातल्या चिठ्ठ्या चाळत होत्या. एक निवडली, मला म्हणाल्या, "बिजली ऑफिसला जाऊन येते, तू दूध तापव," आणि गेल्यासुद्धा.

तिथं काय झालं ते त्यांनीच आल्यावर सांगितलं. खिडकीतल्या माणसानं घाबरून विचारलं होतं, "माताजी, इतना गुस्सा काहे को?" काकू म्हणाल्या, "तुम्हारे ऊपर नहीं है भैया. गुस्सा दूधवाले का है. पर अब आ ही गया है, तो मेरा मीटर बदलवा दो." कित्येक महिने उलटे आकडे दाखवणारा तो मीटर त्याच आठवड्यात बदलून मिळाला.

"पण मग दूधवाल्याला का नाही बोललात?" मी विचारलं.

"त्याला बोलून काय होते? तो उद्याही पाणीच टाकते. मीटरचं काम अडून राहिलं होतं नं. राग आला का वाया नाही घालवायचा, पोरी. तो काय रोज येते काय?"

मी मूळची सांगलीची. बँकेनं जबलपूरला बदली केली आणि तिथल्या चेरीताल भागात काकूंच्या घराचा वरचा मजला भाड्यानं मिळाला, जेवण खाली त्यांच्याच स्वयंपाकघरात. मराठी मुलगी आहे म्हटल्यावर काकूंनी जास्त चौकशी केली नाही, पण मराठी म्हणजे नेमकं काय, यावर आमचं पहिल्याच दिवशी वाजलं. मी विचारलं, "पाणी किती वाजता येतं?" तर त्या म्हणाल्या, "काहून?" म्हणजे नुसतं 'का?', पण मला वाटलं भांडायलाच उठल्या. त्यांच्या सासरची माणसं दोन पिढ्यांपूर्वी अमरावतीकडून इकडे आलेली, काकू स्वतः वर्ध्याकडच्या. त्यांचं बोलणं मला भांडल्यासारखं वाटायचं आणि माझं त्यांना पुस्तक वाचून दाखवल्यासारखं. काका फॅक्टरीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकूंनी मुलींच्या शाळेत शिवण शिकवलेलं. एकुलता एक मुलगा बंगलोरला. घरात त्या एकट्या आणि त्यांचे ते चार डबे.

डब्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण काकूंचं सगळं आयुष्य त्यावर चालायचं. फळीवर चार डबे ओळीनं. मला आधी वाटलं मसाल्याचे असतील. पहिल्याच आठवड्यात मी जिऱ्यासाठी एक उघडला, तर आत दुकानाच्या बिलांच्या, औषधाच्या खोक्यांच्या कापून ठेवलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येकीवर एक काम. काकूंनी माझ्या हातून डबा काढून घेतला आणि म्हणाल्या, "तो इस्त्रीचा आहे. जिरं खाली."

म्हणजे असं. कामं कधी करायची हे तारखेवर ठरत नाही, आपण त्या दिवशी कसे आहोत त्यावर ठरतं, असं काकूंचं ठाम मत होतं. म्हणून रागाची कामं रागाच्या डब्यात. गेटसमोर रोज स्कूटर लावणारा, नगर निगमची तुंबलेली नाली, धुतल्यावर आखडलेलं कापड दुकानात परत करणं, सगळं त्यात. या डब्यातल्या चिठ्ठ्या हिंदीत लिहिलेल्या असायच्या, कारण भांडायचं हिंदीत असतं. दुसरा इस्त्रीचा. कडक साडी नेसल्याशिवाय होत नाहीत ती कामं: बँक, डॉक्टर, हयातीचा दाखला, कुणाचं लग्न, कुणाची तेरवी, म्हणजे आपला तेरावा. तिसरा आळसाचा, बसल्या बसल्या करायच्या कामांचा. आणि चौथ्याला त्या नुसतं 'तो' म्हणायच्या. ज्या दिवशी सकाळपासून कुणाशी बोलावंसं वाटत नाही, त्या दिवसाचा. त्यात तांब्याची भांडी घासणं, वर्षाचा मसाला करणं, ट्रंक आवरणं अशी कामं. "रडू येऊन राहिलं नं, तर मिरच्या भाजायला घ्यायच्या," काकू म्हणायच्या. "कोणी विचारलं तर उत्तर तयार असते."

इस्त्रीच्या डब्यानं तर कधी कधी कहर व्हायचा. काकूंना साडीला इस्त्री करायचा भारी कंटाळा. त्यामुळे एकदा इस्त्री मोडायची म्हटलं की त्या डबा पालथा करून जितकी कामं उरकतील तितकी उरकायच्या. एका दिवशी त्या सकाळी गावातल्याच गढा भागात एका ओळखीच्यांच्या तेरवीला गेल्या, तिथून माझ्या बँकेत येऊन हयातीचा दाखला देऊन गेल्या, तिथून दातांच्या डॉक्टरकडे, आणि संध्याकाळी कुणाकडे तरी मुलगी बघायच्या कार्यक्रमाला. सगळीकडे तीच फिकट निळी साडी. रात्री जेवताना म्हणाल्या, "आज जरा गडबड झाली. मुलीकडच्यांना म्हटलं, जे झालं ते झालं, आता धीर धरा." माझ्या नाकातून ताक आलं.

"मग? ते काय म्हणाले?"

"काय म्हणतील? मुलीचा बाप म्हणे, हो ताई, धीर तर धरावाच लागेल. समजदार माणूस आहे बाप्पा."

ते लग्न ठरलं, हे मुद्दाम सांगते.

माझ्याही कामांची यादी होती, फोनमध्ये. लाल म्हणजे तातडीचं, पिवळं म्हणजे जरा थांबलं तरी चालेल, हिरवं म्हणजे स्वप्नं. रोज सकाळी फोन टिंग करायचा आणि मी रोज सकाळी त्याला 'उद्या' सांगायचे. हळूहळू सगळं लाल झालं. शेवटी मी ती यादी उघडणंच बंद केलं. काकू एकदा ते वाजणं ऐकून म्हणाल्या, "हे वाजते कोणाला विचारून?"

"वेळ झाली की वाजतं."

"वेळ झाली असंल. तुझं मन झालं का?"

"मनावर सोडलं तर कामं होतील का काकू?"

"आता होऊन राहिली का?"

मग मीही इरेला पेटून प्लॅस्टिकचे चार डबे आणले. महिनाभर काकूंसारखं करून बघितलं आणि पार फजिती झाली. मला राग आला की मी भांडत नाही, पांघरूण घेऊन झोपते. रागाचा डबा तुंबून गेला. आळस आला की मला आळसच करायचा असतो, बटणं लावायची नसतात. काकूंनी माझे डबे उघडून बघितले आणि खो खो हसल्या. "माझे डबे तुला काहून चालतील? माझी चप्पल घालते का तू?" मग त्यांनीच मला दोन दिवस न्याहाळलं आणि सांगितलं, "तुझी दोनच कामं आहेत. एक माणसाशी बोलायचं, दुसरं न बोलायचं. सकाळी तुझं तोंड चालते. दुपारनंतर चालत नाही. एवढं पाह्य, बस." आजही मी तेच करते. फोन, चौकशा, साहेबांशी हुज्जत सगळं जेवणाआधी, आणि जेवणानंतर मुकाट कागद. गंमत म्हणजे माझ्या आईनं मला इतकी वर्षं बघितलं, तिला हे कधी कळलं नव्हतं.

पण ज्या बाईला दुसऱ्याचं इतकं नेमकं कळायचं, तिचं स्वतःचं एक काम मात्र रुतून बसलं. मी काकूंकडे राहायला गेले त्याच वर्षीची गोष्ट.

दिवाळीला मुलगा आला होता. काकू त्याला बाबू म्हणायच्या. चांगला चाळिशीचा, केस विरळ झालेला बाबू. मराठी समजायचं सगळं, पण बोलायला लागला की अर्ध्या वाटेवर हिंदीत जायचा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यानं काकूंना सांगितलं, की हे घर विकून टाकू. बंगलोरला त्यानं मोठा फ्लॅट घेतला होता, आईची खोली वेगळी, बाल्कनी पूर्वेची. इथं घेणारा तयार होता. जानेवारीत तो परत येणार, तेव्हा कागदांवर सह्या करायच्या आणि आईला घेऊनच जायचं. "आई, अब अकेले नहीं रहना," तो म्हणाला.

काकूंनी काय केलं? त्याच्या ताटात आणखी एक अनारसा वाढला.

तो गेल्यावर मी खाली गेले. खोटं कशाला बोला, मला आधी माझ्या खोलीची काळजी पडली होती. काकू ओट्याशी उभ्या राहून चिठ्ठी लिहीत होत्या. लिहून झाल्यावर मला दाखवली. 'बाबूला नाही म्हणायचं.' रागाच्या डब्यातली ती एकच चिठ्ठी मराठीत होती.

"तुम्हाला जायचं नाही?"

"नाही."

"मग सांगायचं तसं. सरळ."

"सरळ कसं सांगू? तो किती हौसेनं सगळं करून राहिला. नाही म्हणायला राग लागते. राग आला का एका दमात सांगून टाकीन." त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "जानेवारीपर्यंत येईलच नं कधीतरी."

आणि तो येईचना. म्हणजे राग यायचा, भरपूर यायचा, जबलपूरच्या अर्ध्या ऑफिसांना त्याचा लाभ झाला. पण बाबूवर येत नव्हता. काकूंनी प्रयत्न काही कमी केले नाहीत. त्याच्या लहानपणच्या खोड्या आठवून बघितल्या, त्यानं फोडलेली बरणी, दहावीला लपवलेलं प्रगतिपुस्तक. सांगता सांगता स्वतःच हसायला लागायच्या. मग त्यांनी ठरवलं, राग कुणाचाही चालेल, आला की लगेच फोन लावायचा. मीटरच्या वेळी दुसऱ्याचा राग चालला होताच की.

तर एकदा तो स्कूटरवाला तावडीत सापडला. गेटला अगदी चिकटून स्कूटर लावलेली, वर काकूंनाच म्हणाला, "अम्मा, साइड से निकल जाओ." मी गॅलरीतून बघत होते. काकूंचा आवाज असा चढला की समोरच्या घरातून माणसं बाहेर आली. स्कूटर क्षणात पसार. काकू मागे वळल्या, धावतच आत. मीही जिना उतरून धावले, कारण मला माहीत होतं आता काय होणार. फोन सापडेना. तो पिठाच्या डब्यावर निघाला. काकूंनी नंबर लावला, स्पीकर चालू केला, छाती धपापत होती. तिकडून बाबू म्हणाला, "आई? दम काहून लागला तुला? जिना चढलीस का? आधी बस. पाणी पी. मी होल्ड करतो."

काकू बसल्या. पाणी प्यायल्या. आणि बघता बघता चेहऱ्यावरचा राग असा उतरला, की मला स्कूटरवाल्याला परत बोलवून आणावंसं वाटलं.

"काही नाही रे, सहज लावला होता," काकू म्हणाल्या. "थंडी पडून राहिली इकडे. तू स्वेटर घालते नं?"

बंगलोरात कसला स्वेटर!

शेवटी शेवटी तर त्यांनी मलाच कामाला लावलं. "मला राग आण," म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, तुमची साबुदाण्याची खिचडी नेहमी गिचका होते. त्या म्हणाल्या, हो नं, मला पण वाटते, पाणी जास्त होते. मी म्हटलं, तुम्ही शिवलेला माझा ब्लाऊज खांद्यात घट्ट आहे. त्या म्हणाल्या, काढ, आत्ता उसवून देते. अशा बाईला राग आणायचा कसा! मग मी खरंच वैतागले आणि जरा मोठ्यानंच बोलले, "तुम्ही नाही म्हणणार नाही, काकू. तुम्ही सही करणार आणि जाणार. आणि तिथं बाल्कनीत बसून रडणार."

काकू उठल्या आणि 'त्या' डब्याकडे गेल्या. त्या दिवशी त्यांनी घरातलं सगळं पितळ काढून घासलं. मी वर जाऊन पांघरूण घेऊन झोपले.

जानेवारी आला, बाबूही आला. काकू आदल्या रात्रीच इस्त्री काढून बसल्या होत्या. रागाचा नाद सोडून त्यांनी ती चिठ्ठी आता इस्त्रीच्या डब्यात टाकली होती. नीट कडक साडी नेसून, खुर्चीत बसून, शांतपणे बोलायचं ठरलं होतं. बाबू विमानतळावरून घरी आला, आईला त्या फिकट निळ्या साडीत बघून म्हणाला, "अरे, कुठे निघालीस? तेरवी है क्या किसी की?" काकूंना हसू फुटलं आणि ती वेळही गेली. चिठ्ठी परत रागाच्या डब्यात गेली. घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाला येणार होता.

जबलपूरला जानेवारीत मटार इतका येतो की घरोघरी तोच उद्योग असतो. इकडे सगळे मटर म्हणतात. गोणीनं आणायचा, सोलायचा, वर्षभरासाठी फ्रीजमध्ये भरून ठेवायचा. रविवार होता, मला सुट्टी. दुपारी जेवण झाल्यावर काकूंनी अंगणात सतरंजी टाकली, मधोमध मटारच्या शेंगांचा ढीग ओतला, आणि आम्ही तिघं बसलो. पाठीवर ऊन. मी म्हणाले, चला, आळसाच्या डब्यातलं एक काम निघालं. काकू नुसत्या 'हं' म्हणाल्या. त्यांचे डोळे अर्धे मिटले होते. बोटं आपोआप चालत होती, शेंग दाबायची, अंगठा फिरवायचा, दाणे ताटात.

"त्या पिवळ्या घेऊ नको बाबू, त्या जून आहेत," काकू म्हणाल्या. "आणि हे घर नाही विकायचं मला."

दोन्ही वाक्यं एकाच आवाजात. बाबूनं एक पिवळी शेंग बाजूला टाकली. मग त्याचा हात थांबला.

"काय म्हणालीस?"

"नाही विकायचं म्हटलं. मी इथंच राहीन." काकूंनी पुढची शेंग उचलली. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं असावं, कारण त्या शेंगेकडे बघत होत्या, सोलत नव्हत्या.

मग जो राग इतके दिवस काकूंना येत नव्हता, तो बाबूला आला. "तो पहले क्यों नहीं बोली? दिवाळीपासून मी सगळं करून राहिलो! त्या माणसाला शब्द दिला. तुझ्या खोलीला रंग दिला. एकदा, एकदा तरी म्हणायचं होतं!"

"राग येऊन नव्हता राहिला रे."

"म्हणजे?"

"तुझ्यावर येत नाही. काय करू मी?"

त्याला डब्यांचं ठाऊक होतं, त्याच घरात वाढलेला. तो उठला, अंगणात एक चक्कर मारली, परत येऊन बसला. आणि ढिगातल्या शेंगांकडे बघत बोलला, तेव्हा आवाज अगदीच वेगळा होता.

"तू फोन उचलत नाहीस, आई. मी दुपारी लावतो, तू उचलत नाहीस. फोन पिठात, फोन देवघरात, फोन चादरीखाली. मी मीटिंगमधून उठून बाहेर जातो. लिफ्टजवळ उभा राहतो आणि लावत राहतो. लगता है, आज गई. दर वेळी वाटतं. मग तू संध्याकाळी उचलतेस आणि म्हणतेस, 'अरे, मिरच्या भाजून राहिली होती.'" त्यानं नाक पुसलं. "मला घराचे पैसे नको आहेत. मला ते लिफ्टजवळ उभं राहणं नको आहे."

काकूंच्या हातातली शेंग ताटात पडली. मी उठून आत जावं की बसावं, मला कळेना. मी बसून राहिले आणि जून शेंगाही सोलत सुटले.

"मला वाटे, तू विचारायचं म्हणून विचारते, जेवली का," काकू म्हणाल्या. "मला काय माहीत बाप्पा. एवढं भेते तू?"

"हो."

"कधीपासून?"

"बाबा गेले तेव्हापासून."

काकूंनी पदरानं डोळे पुसले, मिरच्याबिरच्या काही नसताना, उघड आमच्यासमोर. मग सरकून त्याच्याजवळ बसल्या आणि त्याच्या विरळ केसांवरून हात फिरवला. "घर विकलं तर भेव जाईल का रे तुझं? मी तिथं बाल्कनीत बसली राहीन, तू ऑफिसात जाशील. लिफ्ट तर तिथंच राहील नं."

बाबूनं ताटातले दाणे बोटानं एका बाजूला सारले.

"मला इथून नेऊ नको. इथं मला रस्त्यावरचे लोक भांडायला ओळखतात. तिथं मी कोणाशी भांडू? तुझ्याशी तर होत नाही. पण फोन उचलीन मी. पहिल्या घंटीला उचलीन. मिरच्या जळल्या तर जळल्या."

"खरं?"

"आता तरी खरंच म्हणून राहिली."

तो हसला नाही, पण त्यानं एक शेंग उचलली. थोड्या वेळानं काकूंनीही उचलली. ढीग संपेपर्यंत आम्ही बसलो. संध्याकाळी तो घेणारा आला, त्याला बाबूनंच हात जोडून नाही सांगितलं, आणि जाताना काकूंनी त्याला सोललेल्या मटारची पिशवी दिली. तो बिचारा घर घ्यायला आला होता, मटार घेऊन गेला.

रात्री भांडी आवरताना काकू म्हणाल्या, "चुकीच्या डब्यात होती गं ती चिठ्ठी. मला वाटलं, नाही म्हणायचं म्हणजे रागाचंच काम. एवढी वर्षं डबे चालवले, आणि हेच नाही समजलं." चिठ्ठी त्यांनी चुलीत टाकावी तशी गॅसवर धरली आणि सिंकमध्ये सोडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन काढलं आणि जुन्या साडीच्या काठाची एक पिशवी शिवली, फोन मावेल एवढी, नाडी लावून. ती त्या कमरेला बांधायच्या. आंघोळीला जाताना खिडकीत टांगायच्या. सुरुवातीला फार त्रागा केला, हे काय गुराच्या गळ्यातली घंटा लावून घेतली मी, वगैरे. पण उचलायच्या. बाबू मग दुपारी फोन लावायचा, त्या म्हणायच्या, "आहे रे, आहे," तो म्हणायचा, "बरं," आणि दोघंही ठेवून द्यायचे. मी सुट्टीच्या दिवशी ऐकलंय, त्यांचं बोलणं एवढंच असायचं.

पुढे माझी बदली झाली, आता मी नाशिकला असते. परवा दुपारी बँकेत फार कटकट झाली, एका ग्राहकानं काउंटरवर सगळ्यांसमोर नको ते ऐकवलं, आणि दुपारनंतर माझं तोंड चालत नाही हे तर सांगितलंच. मी जेवणाचा डबा तसाच ठेवून जिन्यात जाऊन उभी राहिले. काय वाटलं कोण जाणे, काकूंना फोन लावला. एक घंटी पुरती वाजलीसुद्धा नाही. कोणाचा फोन आहे हे न बघताच पलीकडून आवाज आला, "आहे रे बाबू, आहे मी. जा, जेव तू," आणि त्यांनी ठेवून दिला.

मी फोन कानाला लावून तशीच थोडा वेळ उभी राहिले, आणि मग जेवायला गेले.